पाण्याची टाकी आणि धरणाचं मॉडेल हादऱ्यात टिकतं का हे तपासायचं कसं: शेक टेबल बनवण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत

प्रोजेक्ट म्हणून टाकीचं मॉडेल बनवणारे बरेच जण शेवटी एकच टेस्ट करतात, टाकी काठोकाठ भरायची, टेबल जोरात हलवायचं, आणि पडली नाही की "डिझाइन पास". यातून कळतं फक्त इतकंच की त्या हाताच्या त्या धक्क्याला ती पडली नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या बांधकामाची गोष्ट बिल्डिंगपेक्षा वेगळी असते कारण आतलं वजन जागेवर बसलेलं नसतं. खालचं पाणी टाकीला चिकटून तिच्याबरोबर हलतं, वरचं पाणी आपल्या वेगळ्या चालीनं हिंदकळतं, आणि किती पाणी कुठल्या गटात जाणार हे पातळीवर ठरतं. ही दोन गटांची मांडणी इंजिनिअर जॉर्ज हाउसनर यांची, १९६० च्या चिलीच्या भूकंपात उंचावरच्या टाक्यांचं जे झालं त्यानंतर त्यांनी १९६३ मध्ये ती टाक्यांसाठी सोपी करून मांडली, आणि टाक्यांच्या डिझाइन कोडमध्ये आजही तोच पाया आहे. पुढची सगळी टेस्ट याच दोन गटांभोवती फिरते, त्यामुळे हे डोक्यात पक्कं ठेवा.

आधी प्रश्न ठरवा, मग मॉडेल

"टाकी टिकते का" हा टेस्ट करण्यासारखा प्रश्न नाही, फार ढोबळ आहे. "खांबांना तिरपे ब्रेसिंग (खांब एकमेकांना बांधणारे आधार) दिले तर वरची हालचाल किती कमी होते", "अमुक पातळीला पाणी काठावरून सांडू नये म्हणून किती फ्रीबोर्ड (पाण्याच्या वरची मोकळी भिंत) लागतो", "मातीच्या बांधाचा उतार थोडा आडवा केला तर माथा किती कमी बसतो", असे प्रश्न घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच.

आणि "फेल" म्हणजे काय हे टेबल चालू करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. नुसतं कोसळणं धरू नका. पाण्याच्या टाकीचं काम पाणी धरणं आहे, उभी राहिली पण चिरेतून गळायला लागली तर ती फेलच. माझ्या मते चार गोष्टी मोजल्या की पुरतं: किती मिलिलिटर सांडलं, हादरे थांबल्यावर टाकी किती मिलिमीटर कललेली राहिली, गळती आहे का, आणि मॉडेलची स्वतःची फ्रिक्वेन्सी (ते सेकंदाला किती वेळा डोलतं) आधीपेक्षा किती उतरली. शेवटची गोष्ट बहुतेक जण मोजतच नाहीत आणि खरं तर तीच सगळ्यात बोलकी, तिच्याकडे पुढे येतो.

स्केल: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

मॉडेल लहान केलं की वेळही लहान करावी लागते. पाण्याच्या लाटा गुरुत्वाकर्षणावर चालतात आणि ते काही आपण लहान करू शकत नाही, म्हणून लांबी जितक्या पटीनं कमी केली त्याच्या वर्गमुळाच्या पटीनं वेळ कमी होते. यालाच फ्रूड स्केलिंग म्हणतात. १:१०० मॉडेलला वेळ १० पट कमी, १:५० ला साधारण ७ पट. प्रवेग मात्र तोच राहतो, म्हणजे खऱ्याला ०.३ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग) लागत असेल तर मॉडेललाही ०.३ जी.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. खरी गोल टाकी, आतली त्रिज्या ५ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, खांबांवर उभी. १:५० केलं की त्रिज्या १० सेंटिमीटर, पाणी ८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण अडीच लिटर. घरच्या किंवा कॉलेजच्या छोट्या टेबलावर आरामात बसते. यापेक्षा फार लहान करू नका, टाकी पेल्याएवढी झाली की पाण्याचा चिकटपणा आणि पृष्ठताण उगाच लुडबुड करतात आणि लाटा खऱ्यापेक्षा लवकर विरतात.

आता पाण्याच्या हिंदकळण्याचा आवर्तकाळ (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) काढू. गोल टाकीसाठी: १.८४१ ला ९.८१ नं गुणा, त्रिज्येनं भागा. मग १.८४१ गुणिले खोली भागिले त्रिज्या या आकड्याचा टॅनएच काढा (सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हायपरबोलिकचं बटण असतं) आणि पहिल्या उत्तराला त्यानं गुणा. याचं वर्गमूळ म्हणजे कोनीय वेग, ६.२८ ला त्यानं भागलं की आवर्तकाळ सेकंदात. आपल्या खऱ्या टाकीला हे साधारण ३.५ सेकंद येतं, मॉडेलला ०.४९ सेकंद, म्हणजे २ हर्ट्झच्या आसपास. दोन्हींचा भागाकार ७ च्या जवळ आला ना, मग स्केल बरोबर आहे, हा स्वतःच एक ताळा झाला.

चौकोनी टाकी असेल तर १.८४१ भागिले त्रिज्येच्या जागी ३.१४ भागिले लांबी घ्यायची, दोन्ही ठिकाणी. लांबी म्हणजे हादऱ्याच्या दिशेतली आतली लांबी, दुसरी बाजू नाही. ३० सेंटिमीटर लांब डब्यात १५ सेंटिमीटर पाणी असेल तर १.५५ हर्ट्झ येतं आणि ५ सेंटिमीटरच असेल तर १.१२. म्हणजे पातळी उतरली की पाणी संथ होतं, हे लक्षात असू द्या.

मटेरियलचं स्केलिंग मात्र त्रासदायक आहे. सगळं काटेकोर करायचं तर मॉडेलचं मटेरियल खऱ्याइतकंच जड पण ५० पट लवचिक हवं, आणि असं काही सहज मिळत नाही. म्हणून छोट्या टेस्टमध्ये आपण काँक्रीटची नक्कल करायच्या फंदात पडायचं नाही, खांबांचा एकूण ताठपणा असा जुळवायचा की टाकीचा आवर्तकाळ स्केलमध्ये बसेल. याचा अर्थ असाही की हालचाल आणि फ्रिक्वेन्सीबद्दल मॉडेल खरं बोलेल, पण काँक्रीटला चीर कधी जाईल हे ते सांगू शकणार नाही.

टेबल बनवणं

१८ मिमी प्लायवूडचे दोन तुकडे, खालचा मोठा, वरचा साधारण ४० बाय ४० सेंटिमीटर. मध्ये ड्रॉवरचे बॉल बेअरिंगवाले चॅनेल, दोन समांतर. समांतर म्हणजे खरंच समांतर, एक मिलिमीटरचा फरक असला तरी टेबल अडकत अडकत चालतं आणि ते अडकणं मॉडेलला धक्के म्हणून लागतं. शक्य असेल तर लिनिअर बेअरिंग आणि गोल रॉड वापरा, जरा खर्च वाढतो पण आवाज आणि खडखड बरीच कमी होते. चॅनेल वापरले तर आडवा खेळ असतोच, तो किती आहे ते हातानं हलवून बघून ठेवा.

ढकलायला १२ व्होल्टची गिअर मोटर, ५०० आरपीएमच्या आसपासची, टॉर्क ५ ते १० किलो-सेंटिमीटर. ५०० का, तर ५०० आरपीएम म्हणजे ८.३ हर्ट्झ आणि आपल्या मॉडेलला ७ हर्ट्झपर्यंत जावं लागणार आहे. मोटरच्या शाफ्टवर चकती, चकतीला मध्यापासून २, ५ आणि १० मिमीवर भोकं, त्यात बोल्ट, बोल्टपासून टेबलापर्यंत दांडी. हा दांडा सगळ्यात मोठ्या भोकाच्या अंतराच्या निदान १० पट लांब ठेवा, आखूड ठेवला की हालचाल शुद्ध साइन राहत नाही, एका बाजूला जास्त झटका येतो. वेग कमीजास्त करायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर. मोटर आणि अडॅप्टर पाण्याच्या पातळीच्या वर, बाजूला, झाकून. पाणी सांडणारच आहे, सांडावं म्हणूनच तर टेस्ट करतोय, त्यामुळे मेनची वायर टेबलाखालून नेऊ नका.

खालचा तुकडा भक्कम टेबलाला सी क्लॅम्पनं घट्ट धरा. नाहीतर मॉडेलबरोबर अख्खं टेबल नाचतं आणि तुम्ही नक्की काय मोजताय तेच कळत नाही.

मॉडेल ठेवायच्या आधी टेबलच तपासा

प्रवेगाचं सूत्र सोपं आहे: ३९.५ गुणिले फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले भोकाचं अंतर मीटरमध्ये. १० मिमीच्या भोकावर २ हर्ट्झला १.५८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.१६ जी. तेच ३ हर्ट्झला ०.३६ जी आणि ५ हर्ट्झला थेट १ जी, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला मोठं भोक वापरायचं नाही. ७ हर्ट्झला २ मिमीचं भोकच ०.३९ जी देतं.

आता रिकाम्या टेबलावर मोबाइल दुहेरी टेपनं चिकटवा आणि फायफॉक्ससारख्या फ्री अ‍ॅपनं प्रवेग रेकॉर्ड करा. सूत्रानं आलेला आकडा आणि मोबाइलचा आकडा दहा टक्क्यांच्या आत जुळायला हवा. ग्राफ गुळगुळीत साइनऐवजी काट्याकाट्यांचा दिसत असेल तर कुठेतरी बोल्ट सैल आहे किंवा चॅनेल अडकतोय, ते नीट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग टेबलावर अडीच-तीन किलोचं न हलणारं वजन ठेवून परत बघा, वजन आल्यावर मोटर मंदावते आणि नॉबची जागा तीच असली तरी फ्रिक्वेन्सी उतरते. म्हणून नॉबवर खुणा करून त्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक रनमध्ये फ्रिक्वेन्सी मोबाइलवरूनच वाचायची.

खांबांचा ताठपणा जुळवणं

आपल्या खऱ्या टाकीचा, म्हणजे खांबांसकट डोलण्याचा, आवर्तकाळ १ सेकंद धरू. मॉडेलला तो ०.१४ सेकंद, म्हणजे ७ हर्ट्झ यायला हवा.

इथे कुठलं वजन धरायचं यात खरी मेख आहे. खोली आणि व्यास यांचं गुणोत्तर ०.४ असेल तर हाउसनरच्या सूत्रानं फक्त ४५ टक्के पाणी टाकीला चिकटून हलतं. तेच गुणोत्तर ०.२ असेल, उथळ टाकी, तर २३ टक्के आणि ०.८ असेल तर ७३ टक्के. आपलं ०.४ आहे, म्हणून अडीच किलोतलं १.१ किलो. रिकामी टाकी, वरची प्लेट आणि मोबाइल मिळून ०.९ किलो धरा. (मोबाइलचं वजन विसरू नका, दोनशे ग्रॅम म्हणजे या मॉडेलला मोठी गोष्ट आहे, आणि तो दर वेळी त्याच जागी हवा.) एकूण २ किलो.

२ किलोला ७ हर्ट्झ हवं तर ताठपणा साधारण ३,९५० न्यूटन प्रति मीटर लागतो. हे मोजायला लॅब लागत नाही. टाकीच्या मध्याच्या उंचीला दोरी बांधा, स्प्रिंग काट्यानं आडवं १ किलोनं ओढा आणि शेजारी उभ्या केलेल्या पट्टीवर बघा, साधारण अडीच मिलिमीटर सरकली पाहिजे. जास्त सरकली तर खांब जाड करा किंवा आडव्या बीमचा आणखी एक थर द्या, कमी सरकली तर उलट. खांबांना स्टीलच्या पट्ट्या, बांबूच्या काड्या, अ‍ॅक्रिलिक, काहीही चालतं, फक्त पायथा टेबलाला बोल्टनं घट्ट पाहिजे. गरम गोंदानं चिकटवलेला पायथा हादऱ्यात हळूहळू सुटतो आणि मग तुम्ही डिझाइनऐवजी गोंद टेस्ट करत बसता.

तीन भरण्यांची टेस्ट, ही चुकवूच नका

मॉडेल एकच, भरणी तीन: रिकामी टाकी, पाण्याच्याच वजनाएवढी वाळू भरलेली टाकी, आणि पाणी भरलेली टाकी. प्रत्येक वेळी टाकी बोटानं दोनचार मिलिमीटर बाजूला ओढून एकदम सोडा आणि मोबाइलवर डोलण्याची फ्रिक्वेन्सी वाचा.

वर धरलेल्या आकड्यांवर हिशोब केला तर रिकामीला साधारण १०.५ हर्ट्झ, वाळूला ५.४ आणि पाण्याला ७.१ यायला हवं. वाळू अडीच किलो, पाणी अडीच किलो, तरी दीड हर्ट्झहून जास्त फरक! वाळूचं सगळं वजन टाकीबरोबर हलतं, पाण्याचं वरचं अर्धं मागे राहतं. जो माणूस पाणी म्हणजे नुसतं वजन समजून हिशोब करतो त्याची टाकी त्याला वाटते त्यापेक्षा ताठ निघते, आणि भूकंपाच्या कुठल्या भागाला ती जोरात उत्तर देईल हा अंदाजच चुकतो. तुमचे आकडे तंतोतंत हे येणार नाहीत, खांबांचंही थोडं वजन धरायला हवं असतं, पण क्रम हाच यायला पाहिजे. पाण्याचा आकडा वाळूच्या आकड्याला चिकटला तर बहुतेक टाकी झाकणापर्यंत भरली आहे, वर मोकळी जागाच नाही, मग हिंदकळणार काय.

त्याच ग्राफवरून डॅम्पिंगही (डोलणं किती लवकर विरतं ते) काढा. १० हेलकाव्यांत उंची निम्मी झाली तर २ चा नॅचरल लॉग म्हणजे ०.६९३, भागिले १०, भागिले ६.२८, झालं १.१ टक्का. खऱ्या काँक्रीटच्या टाकीला डिझाइनमध्ये ५ टक्के धरतात आणि हिंदकळणाऱ्या पाण्याला फक्त अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याचा अर्थ असा की पाणी एकदा हिंदकळायला लागलं की जमीन शांत झाल्यावरही बराच वेळ थांबत नाही.

हळू ते जोरात

पहिला स्वीप, म्हणजे फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेणारा रन, २ मिमीच्या भोकावर. १ हर्ट्झपासून सुरू करून पाव पाव हर्ट्झनं वर जायचं, प्रत्येक ठिकाणी निदान २० सेकंद थांबायचं, वरचा प्रवेग भागिले खालचा प्रवेग लिहायचा. मोबाइल दोन असतील तर एक टाकीवर आणि एक टेबलावर, उत्तमच. समोर फोनचा स्लो मोशन कॅमेरा, टाकीमागे ग्राफ पेपर, पाण्यात दोन थेंब खाण्याचा रंग. २ हर्ट्झच्या आसपास बघा काय होतं ते. टेबल जेमतेम दोन मिलिमीटर सरकतंय, प्रवेग ०.०३ जी, म्हणजे हाताला नीट जाणवणारही नाही इतका, खांब जागचे हलत नाहीत आणि आतलं पाणी मात्र दर फेरीला थोडं थोडं चढत जातं, काठाला लागतं आणि मग वळसा घेऊन टाकीत गोल फिरायलाच लागतं. गोल टाकीत रेझोनन्सजवळ (हादऱ्याची फ्रिक्वेन्सी पाण्याच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळते तिथे) हे फिरणं होतंच, टेबल सरळ रेषेत हलत असलं तरी, त्यामुळे टेबल बिघडलं समजू नका. पण काठाची उंची फक्त हादऱ्याच्या दिशेत मोजत असाल तर आडव्या बाजूनं सांडलेलं पाणी तुमच्या नोंदीत येणारच नाही, म्हणून ट्रे टाकीच्या चारी बाजूंनी ठेवा.

ही गोष्ट फक्त टेबलावरची नाही. २००३ मध्ये जपानला तोकाची-ओकीचा भूकंप झाला तेव्हा तोमाकोमाईच्या रिफायनरीतल्या मोठ्या तेलटाक्या केंद्रापासून बऱ्याच लांब होत्या, तिथवर पोचलेल्या संथ लाटांनी आतलं तेल हिंदकळलं, तरंगती छतं बिघडली आणि आगी लागल्या.

७ हर्ट्झच्या आसपास ग्राफवर दुसरा डोंगर येतो, तो टाकीच्या डोलण्याचा. इथे खांब काम करतात आणि ब्रेसिंग, जाडी, जोड यांचा फरक इथेच दिसतो. आता पातळी बदलून परत करा: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. फक्त पूर्ण भरलेली टेस्ट केली की सगळ्यात वाईट केस झाली असं बरेच जण धरून चालतात, ते खांबांवरच्या जोरासाठी बहुतेक वेळा ठीक आहे, पण नेहमी नाही. उथळ पाणी असलेल्या लवचिक टाकीत दोन्ही फ्रिक्वेन्सी जवळ आल्या तर कधी पाणीच हालचाल खाऊन टाकतं, उंच इमारतींवर मुद्दाम पाण्याच्या टाक्या ठेवून डोलणं कमी करतात ते याच तत्त्वावर, आणि ग्राफवर एका डोंगराचे दोन होतात. असं दिसलं की खूश व्हा, पण त्यावर डिझाइन सोडू नका, पातळी चार बोटं बदलली की फायदा गेला.

मॉडेल ४५ अंशात आणि ९० अंशात फिरवूनही घ्या. चौकोनी स्टेजिंगला (टाकीखालच्या खांबांच्या सांगाड्याला) तिरप्या दिशेत एका कोपऱ्यातल्या खांबावर सगळ्यात जास्त भार येतो.

यानंतर जोराचे रन. ५ मिमी, ३ ते ५ हर्ट्झ, मग वाढवत जा. आणि प्रत्येक जोराच्या रननंतर टेबल थांबवून परत तीच ओढून-सोडण्याची टेस्ट. मगाशी जी सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणालो ती हीच. फ्रिक्वेन्सी ७.० वरून ६.३ झाली तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे खांबांचा १९ टक्के ताठपणा गेला, बाहेरून काही दिसत नसलं तरी. कुठलातरी जोड सुटतोय किंवा काडी आतून चिरली आहे. बोट लावून एकेक जोड तपासा, बहुतेक वेळा खालच्या बीमच्या जोडाशी किंवा पायथ्याशी सापडतं. खऱ्या टाक्यांतही असंच होतं, २००१ च्या भूजच्या भूकंपात एकाच पोकळ नळकांडी खांबावर उभ्या असलेल्या अनेक काँक्रीटच्या टाक्यांना पायथ्याजवळ आडव्या गोलाकार चिरा गेल्या. चार-सहा खांब असले तर एकाचा भार दुसरा घेऊ शकतो, एकाच नळकांड्याला तशी सोय नसते.

स्टेपर मोटर आणि कंट्रोलर असेल तर खऱ्या भूकंपाची नोंदही चालवता येते, कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोच्या १९४० च्या भूकंपाची नोंद टेस्टसाठी सर्रास वापरतात, कमाल प्रवेग साधारण ०.३५ जी. फक्त तिचा वेळ ७ पट दाबायला विसरू नका. न दाबता चालवली तर तुमच्या छोट्या मॉडेलला ती नुसती हळू ढकलाढकली वाटेल आणि सगळी डिझाइन पास होतील. एकाच फ्रिक्वेन्सीचा अखंड साइन मात्र खऱ्या भूकंपापेक्षा निर्दयी असतो कारण रेझोनन्सला चढायला भरपूर वेळ मिळतो, त्यात मोडलं म्हणून डिझाइन वाईट असं म्हणू नका, दोन डिझाइनची एकमेकांशी तुलना करायला तो वापरा.

धरणाचं मॉडेल

काँक्रीटच्या धरणाला वेगळा डबा लागतो. पारदर्शक, लांब, मागे पाण्याची लांबी खोलीच्या तिप्पट तरी. दूरच्या टोकाला जाड स्पंज लावा, नाहीतर तिथून लाटा परत येऊन धरणाला आपटतात, आणि खऱ्या जलाशयाला असली मागची भिंत नसते. धरणाचा ठोकळा डब्याच्या बाजूंना घासायला नको, फट ठेवून पातळ रबरानं किंवा ग्रीसनं बुजवा.

हादऱ्यात पाण्याचा जादा दाब किती हे इंजिनिअर वेस्टरगार्डनं १९३३ मध्येच दिलं, उभ्या ताठ धरणासाठी. शांत पाण्याचा जो एकूण जोर असतो त्याच्या ७/६ गुणिले प्रवेग जी मध्ये. ०.२ जी ला २३ टक्के जादा. शिवाय धरणाचं स्वतःचं वजन त्याच वेळी त्याच दिशेला रेटतं, दोन्ही मिळून पायथ्याशी सरकवतात. तेव्हा ठोकळ्याचं आणि तळाचं घर्षण आधी मोजा, तळ तिरपा करत जाऊन ठोकळा कुठल्या कोनाला सरकतो ते बघितलं की झालं, तेही ओल्या तळावर. आणि आकारात जिथे अचानक बदल आहे तिथे नजर ठेवा. १९६७ च्या डिसेंबरमध्ये कोयनेच्या १०३ मीटर उंच धरणाला ज्या चिरा गेल्या त्या पायथ्याशी नव्हत्या, वर जिथे पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला होत्या. धरण टिकलं, नंतर आधारभिंती देऊन मजबूतही केलं.

मातीच्या बांधाबद्दल मी थोडा साशंक आहे. छोट्या मॉडेलमध्ये वाळूवर वरचं वजनच नसतं, ती खऱ्यापेक्षा वेगळी वागते, ओलसर वाळूला खोटी पकड येते, आणि पाणी छिद्रांतून फार लवकर निसटतं. म्हणूनच मोठ्या संस्था हे काम सेंट्रिफ्यूजमध्ये (मॉडेल वेगानं गोल फिरवून त्याचं वजन वाढवणाऱ्या यंत्रात) करतात. तरीही द्रवीकरण (हादऱ्यानं ओली वाळू द्रवासारखी होणं) डोळ्यांनी बघायला याच्यासारखं काही नाही. बारीक, एकसारखी वाळू पाण्यातून हळूच सोडून बांध रचा, म्हणजे ती सैल बसते. दुसरा बांध तसाच पण थर थर ठोकून. बाजूच्या काचेलगत रंगीत वाळूच्या उभ्या रेघा टाका, घसरण कुठून झाली ते रेघा वाकलेल्या दिसतात. उताराच्या आत उभी पातळ पारदर्शक नळी, खालच्या टोकाला जाळीचं कापड, नळीतलं पाणी बाहेरच्या पातळीच्या वर चढलं की आत दाब वाढलाय.

आणि टेबल बंद केल्यावर कॅमेरा बंद करू नका. ९ फेब्रुवारी १९७१ ला कॅलिफोर्नियातल्या लोअर सॅन फर्नांडो धरणाचा पाण्याकडचा उतार माथ्यासकट घसरला, तो मोठे हादरे थांबल्यावर, आत वाढलेला दाब पसरत गेला तसा. पाणी आणि उरलेल्या मातीचा काठ यात जेमतेम दीड मीटर राहिलं आणि खालच्या भागातल्या साधारण ८०,००० लोकांना हलवावं लागलं. पाण्याची पातळी त्या दिवशी आणखी वर असती तर धरण ओलांडून पाणी गेलं असतं. म्हणून मातीच्या मॉडेलला हादरे १० सेकंद दिले तर नंतर निदान ५ मिनिटं तसंच राहू द्या, माथा आणि नळी दर अर्ध्या मिनिटानं वाचा.

आकडे वाचताना

प्रत्येक डिझाइनची निदान तीन मॉडेलं करा, एकाच मॉडेलवर तीनदा नाही, कारण पहिल्या रननंतर ते मॉडेल नवं राहिलेलं नसतं. दोन डिझाइनमधला फरक एकाच डिझाइनच्या तीन मॉडेलांमधल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच तो फरक धरा. वरच्या प्रवेगाबरोबर पाण्याचं तापमान, पातळी, भोकाचं अंतर, मॉडेल कोणत्या दिशेला होतं हे सगळं त्याच ओळीत लिहा, व्हिडिओच्या फाइलचं नावही.

टेबल एका दिशेत हलतं, खरी जमीन तीन दिशांत. टाकीच्या पायाखालची मऊ माती, पाइपांचे जोड, हे काहीच टेबलावर येत नाही, आणि मोठ्या टाक्यांत भिंत टिकते पण ताठ जोडलेला पाइप तुटून पाणी जातं असंही होतं. जमिनीखालचा फॉल्टच (खडकातली भेग) फाटला तर हादऱ्यांच्या टेस्टचा प्रश्नच उरत नाही, १९९९ मध्ये तैवानच्या शिगांग धरणाखालून फॉल्ट गेला आणि एक बाजू कित्येक मीटर वर उचलली गेली. त्यामुळे रिपोर्टमध्ये "भूकंपरोधक" असा शब्द लिहू नका. "१:५० मॉडेल, पाणी ८ सेंटिमीटर, ७ हर्ट्झ, ०.४ जी, २० सेकंद, तिरप्या ब्रेसिंगनं वरची हालचाल इतकी कमी, सांडलेलं पाणी इतकं, फ्रिक्वेन्सी इतकी उतरली" एवढं लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवू शकतो, आणि त्याला हवं तर तीच टेस्ट परत करून बघता येते.